कोऱ्या वहीचे गुरुजी

पन्नास मास्तरांना एका वेळी घाम फोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याने कधी आवाज चढवला नव्हता. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत पहिलीला शिकवणाऱ्यांना वाचनाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि ते द्यायला साताऱ्याकडचे हे गुरुजी पलूसला आले. किडकिडीत अंग, धुवट पायजमा-सदरा, पायात रबरी चपला. त्या चपलांचा आवाज आमच्यापैकी कुणी ऐकला नाही. फळ्याकडे पाहावं तर तिथे कुणी नसे आणि मान वळवली की गुरुजी आपल्याच शेजारी बसून आपल्या वहीत डोकावत असत. एक दांडगे मास्तर जेवणानंतर डुलकी काढायचे. गुरुजी त्यांच्यासमोर जाऊन पंधरा मिनिटं नुसते उभे राहिले. मास्तर जागे झाले ते थेट हात जोडूनच, आणि प्रशिक्षण संपेपर्यंत त्यांनी दुपारचा डबाच आणला नाही. कुणी वाचायला लागलं की गुरुजी डोळे मिटून ऐकत आणि तसेच म्हणत, "तुमी आत्ता पुस्तकाकडं बघत न्हाई." ते खरंच असायचं. पाठीमागे आम्ही त्यांना भूत म्हणायचो. मी तर जरा जास्तच.

कारण मला कसली धास्ती नव्हती. माझी पहिली तालुक्यात गाजलेली. तपासणीला साहेब आले की त्यांना आधी माझ्या वर्गावर आणायचे आणि माझी पोरं एका सुरात धडाधड धडे वाचून दाखवायची. नमुना पाठ माझ्याच वर्गावर ठरला, तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसले.

भर दुपारी पस्तीस पोरं पुढे आणि सगळे मास्तर मागे बसले. पोरांनी पहिला धडा वाचला. मग गुरुजी उठले, प्रत्येकाच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं आणि तिथे एक कोरी वही उघडून ठेवली. "वाचा बरं फुडचा धडा," म्हणाले.

पोरांनी वाचला. पस्तीस बोटं कोऱ्या कागदावरून सरकत होती. पान संपायचं तिथे सगळ्यांनी मिळून पान उलटलं. एक शब्द चुकला नाही. पोरं माझ्याकडे पाहून हसत होती, शाबासकीची वाट बघत. भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला. गुरुजी मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी वह्या गोळा केल्या आणि ते निघून गेले.

जूनमध्ये मी दुसरीचा वर्ग मागून घेतला आणि त्याच पोरांना पुन्हा अक्षरांपासून धरलं. रोज फळ्यावर नवं वाक्य, कुणी पाठ करायचं नाही. वर्गाचा सूर पार गेला, साहेब माझ्याकडे यायचे बंद झाले, आणि पोरांना खरंच वाचता येईल की नाही या काळजीने मला जेवण जाईना.

दिवाळीनंतर एकदा मी फळ्याकडून वळले तर गुरुजी पोरांमध्ये मांडी घालून बसलेले. त्यांनी उठून लिहिलं, 'म्हशीने माझी टोपी खाल्ली.' मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. एकेक अक्षर जुळवत गेली, टोपीपाशी अडली, परत पहिल्यापासून आली. फार वेळ लागला. मग ती एकदम हसायला लागली. "सर, खरंच खाल्ली व्हय?"

गुरुजी उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. डोळे भरले होते.

व्हरांड्यात मी विचारलं, "गुरुजी, तेव्हा माझ्या वर्गाचं तुम्हाला कसं कळलं?"

"माझी पयली बी लय गाजलेली, बाई. वीस वर्सं गाजली. आता सातारच्या स्टँडवर एखादा बाप्या गडी गर्दीतनं येतो, पाया पडतो. माझाच इद्यार्थी, पयल्या नंबरचा. आनि हळूच इचारतो, गुर्जी, ही गाडी कुठं जाती?"

"मग?"

"मग काय. सांगतो. गाडीत बसवून देतो."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाल्याचं कळलं. मला त्यांची फार आठवण येते. साताऱ्याला गेले की परतीच्या एक-दोन गाड्या मी मुद्दाम सोडते आणि स्टँडवर बसून राहते. अजून ते दिसलेले नाहीत.