दोन महिने वजा

माझ्या मुलाचं वय कुणी विचारलं की मी आधी मनात दोन महिने वजा करायचे आणि मग सांगायचे. तो सातव्या महिन्यातच जन्मला. काचेच्या पेटीतून घरी नेताना डॉक्टरीणबाईंनीच हे शिकवलं होतं. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याचं वय जन्माच्या तारखेपासून धरायचं नाही, तो खरा ज्या तारखेला यायचा होता तिथून धरायचं.

मला तो हिशेब फार आवडला. मान उशिरा धरली, दोन महिने वजा. उशिरा बसला, दोन महिने वजा. खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत दुसऱ्याच्या पोराचे दात मोजायची बायकांना भारी हौस. त्यांच्यासाठी सासूबाईंचं उत्तर तयार असायचं. "सातव्या महिन्यातला हाय तो. थोडं मांगंपुढं होतेच." मलाही म्हणायच्या, "तू कावून घाबरून राहिली?"

तो चालायला लागला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. उशीर भरून निघाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो बोलत नव्हता. हाक मारली तर वळत नव्हता, पण बिस्किटाचा पुडा फोडला की आतल्या खोलीतून यायचा. म्हणजे कान ठीक आहेत, म्हणून आम्ही खूश.

दोन वर्षं झाल्यावर तपासणीला नेलं. मी त्याच्या चालण्याचं कौतुक सांगत होते. डॉक्टरीणबाईंना त्यात फारसा रस दिसेना. त्या म्हणाल्या, लवकर जन्मलेली मुलं चालायला, बोलायला उशीर लावतात. पण शब्द नसले तरी आवडलेली गोष्ट बोटाने दाखवतात, आणि आईनेही ती पाहिली का, हे वळून बघतात. हा बघतो का? एवढ्यावरून काही ठरत नाही, ऑटिझमसाठी वेगळी तपासणी करू, तोवर घरी लक्ष ठेवा. आणि ती वजाबाकी आता बंद करा.

मी "हो" म्हणाले. ऑटोत बसले, वाटेत भाजी घेतली, भावही केला. काहीच वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं.

त्या संध्याकाळी त्याला गच्चीवर नेलं. जवळच्या पोलादाच्या प्लांटमधला उकळता स्लॅग, म्हणजे लोखंडाची वितळलेली मळी, बाहेर ओततात तेव्हा आमच्याकडचं आभाळ लाल होतं. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा ते बघून आईचा पदर ओढतं. थोड्या वेळाने आभाळ लाल झालं. त्याने पाहिलं. टाचा उचलल्या, दोन्ही हात फडफडवले, तोंडभर हसला. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर क्वचितच बघितला होता. मी मागे, हातभर अंतरावर उभी होते. वळ ना रे, असं मनात म्हणत राहिले. लाली विरली तरी तो तिकडेच पाहत होता.

त्याला कडेवर घेऊन खाली आले. ओट्यावर सासूबाईंशी शेजारची नवी भाडेकरीण गप्पा मारत होती. तिने त्याचा गाल ओढून वय विचारलं.

"सातव्या महिन्यातला हाय तो," सासूबाईंनी सुरू केलं.

"दोन वर्षं पूर्ण झाली त्याला," मी म्हणाले.

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.