म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर

माझी बायको थोआ घरांचे नकाशे काढते. कुणाच्याही घरी गेली की आधी छताकडे बघते, मग माणसांकडे. आमच्या दानांग शहराच्या उकाड्यात लोक खोलीगणिक एसी लावतात. हिचा हट्ट असा, की वर्षभरात घर जेवढी वीज खाईल तेवढी त्यानं स्वतःच कमवावी. तिनं एकटीच्या जबाबदारीवर बांधायला घेतलेलं असं पहिलं घर सेन आजींचं. ते फसलं असतं तर तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

घर चिंचोळं, म्हणून सोलर पॅनलना सगळं छप्पर हवं होतं. पॅनल पुसायला माणूस वर चढणारच. आणि छपराखाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पूर्वजांचा देव्हारा; आजींच्या वारलेल्या नवऱ्याची जागाही त्यातच.

"माझ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर कुणाचा पाय पडता कामा नये," आजींनी ठणकावलं.

थोआनं देव्हारा तळमजल्यावर दाखवला. नकाशा बघून आजी फिसकन हसल्या. "आणि वर माझी खोली? पोरी, तो जिवंत होता तेव्हा त्याच्या डोक्यावर बसले, तेवढं पुरे की!"

"अगं, दे म्हातारीला चार एसी आणि हो मोकळी," मी म्हटलं. बाईसाहेबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

मग ती आजींच्या जुन्या घरी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. उदबत्तीचा धूर छताला अडून खोलीत कोंडत होता. "हा जिथून जाईल तिथून उकाडाही जाईल," म्हणत ती उठली. नव्या घराच्या नकाशात तिनं देव्हारा पुन्हा वर नेला, त्यावरचं छप्पर उंच उचललं, बाजूंना झडपा ठेवल्या. त्यावर पॅनल नाही, म्हणून पायही नाही. वीज थोडी कमी झाली खरी. पण घर बांधून झाल्यावर तापलेली हवा वरून निघून जाई, खालच्या अंगणातली गार हवा घरभर फिरे. एसीची गरजच क्वचित पडू लागली.

वर्षानं म्हाताऱ्याच्या श्राद्धाला सगळं गणगोत जमलं. मी मीटर पाहिलं. घरानं घेतली त्याहून जरा जास्तच वीज दिली होती. अभिमानानं मी आरडाओरडा करून सगळ्यांना ते सांगितलं.

आजी मीटरकडे फिरकल्याही नाहीत. देव्हाऱ्यापुढे चिकट भात नि कोंबडी मांडून त्यांनी उदबत्ती लावली. धूर सरळ वर निघाला. थोआ आज छताकडे नाही, आजींच्या तोंडाकडे बघत होती.

आजींनी डोळे पुसले. "जन्मभर उकाड्यानं कुरकुरला मेला," त्या म्हणाल्या, "आता बघ, कसा ऐटीत वारा खातोय!"