दादाच्या हातचा ब्रेक

माझा दादा कामात लबाडी करतो असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्या माणसाची खरडपट्टी काढली असती. स्वभावच तापट माझा. नवरा म्हणतो, हिच्याशी बोलण्याआधी तव्यावर शिंपडतात तसं पाणी शिंपडून बघावं. पण दादापुढे मी कधी आवाज चढवला नाही. तशी वेळच आली नव्हती.

तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा दहावीत होता. पुस्तकं कोणाला तरी देऊन टाकली आणि गॅरेजात चिकटला. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, पण काम घ्यायचं फक्त ब्रेकचं. लोक म्हणायचे, अहो, इंजिनाचंही घ्या की. ह्याचं उत्तर ठरलेलं. "इंजिन बंद पडलं तर माणूस उशिरा घरी पोचतो. ब्रेक गेला तर पोचतच नाही."

खोललेला प्रत्येक भाग तो वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचा. कोणी त्या कागदापाशी शिंकलं तरी खेकसायचा. काम झालं, नळ्यांतली हवा काढली, की गाडीत बसून पेडल दाबून धरायचं आणि तसंच बसून कपभर चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत पेडल केसभरही खाली गेलं तर सगळं पुन्हा खोलायचं. गिऱ्हाईक बिचारं त्याच्या कपाकडे टक लावून उभं. मला ते बघताना भारी अभिमान वाटायचा. ऑफिसात कोणाची गाडी नुसती करकरली तरी मी म्हणायचे, "माझ्या दादाकडे न्या, डोळे मिटून."

गेल्या वर्षी माझ्याच गाडीचं पुढचं डावं चाक तापायला लागलं. गाडी एकोणीस वर्षांची, म्हातारी. दादाने चाक काढून दाखवलं. कॅलिपर, म्हणजे चाकामागच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग, त्यातला पिस्टन गंजून अडकला होता. पेडलवरून पाय काढला तरी चिमटी सुटत नव्हती. कडेने ब्रेक ऑइलही पाझरत होतं.

"हा घासूनपुसून लावता येतो," दादा म्हणाला. "चार महिने गपचूप चालेल आणि एक दिवस दगा देईल. असली कामं मी करत नाही. नवीन मागवू."

जुनं मॉडेल, त्यामुळे नवीन कॅलिपर यायला तीन आठवडे लागले. खोका मीच गॅरेजात उघडून बघितला. संध्याकाळी गाडी न्यायला गेले तर चाकाच्या फटीतून चकचकीत चंदेरी कॅलिपर दिसत होता. दादाने माझ्यासमोर पेडल दाबून चहा प्यायला, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. मग चावी हातात ठेवली. आईला दर मंगळवारी खांद्याच्या व्यायामासाठी हॉस्पिटलला मीच नेते, म्हणून म्हणाला, "ने आता आईला बिनधास्त."

नेलं की! चार महिने नेलं.

हॉस्पिटलच्या टेकडीवरून उतरताना एका मंगळवारी जळका वास आला. आई म्हणाली, "कोणाचं तरी दूध करपलं वाटतं." खाली सिग्नल लाल होता. मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला गेला. समोरून माणसं रस्ता ओलांडत होती. मी हँडब्रेक ओढला, गाडी फुटपाथवर घातली, ती एका खांबाला टेकून थांबली. आईचं कपाळ काचेवर आपटलं, टेंगूळ आलं.

जवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने चाक काढलं. गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला. मग नखाने चंदेरी रंगाचा पोपडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. खाली गंज होता.

"बाई, ह्यात नवीन फक्त रंग आहे," तो म्हणाला. "पिस्टन पॉलिश पेपरने घासलाय, रबर जुनंच. कोणी केलं हे?"

माझ्या तोंडून निघालं, "आहे एक ओळखीचा." अजूनही त्याचं नाव सांभाळत होते मी! स्वतःचीच चीड आली.

आईला रिक्षाने घरी सोडलं. जुनी गाडी, चालायचंच, असं तिला सांगितलं आणि तशीच दादाच्या गॅरेजात गेले. दादा कागदावर भाग मांडत होता. मी तो पोपडा त्या कागदाच्या मधोमध ठेवला.

दादाने हात पुसले. "कोणाला लागलं?"

"आईला."

तो स्टुलावर बसला. वाटलं, आता म्हणेल की दुकानदाराने फसवलं. मी विश्वास ठेवायला तयार होते, अगदी शप्पथ.

"तुझा भाग आला त्याच दिवशी एक डॉक्टर आला होता," दादा म्हणाला. "हेच मॉडेल. पहाटे बायकापोरांना घेऊन घाटातून जायचं होतं त्याला. डोक्यावर बसला. तुझा नवीन त्याला लावला. तुला दुसरा मागवणारच होतो. रोज म्हणायचो उद्या मागवू. राहिलं."

"आणि रंग? तोही राहून गेला का?"

त्याने पुसलेले हात पुन्हा पुसले.

"मला सांगायचंस ना! मी रिक्षाने नेलं असतं आईला!"

"तू गाडी सोडून गेली नसतीस. भांडली असतीस."

"हो, भांडलेच असते! म्हणून फसवलंस?"

"अगं, तो परका माणूस. त्याने चार ठिकाणी बोंब मारली असती. तू घरची. वाटलं, तुझं चालून जाईल."

घरची! परक्याला नवीन आणि घरच्यांना रंगवलेलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाहेरच्या कोणी फसवलं असतं तर मी दादाकडे रडत आले असते. आता कोणाकडे जायचं? मी पाठ फिरवून बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर रडले, चांगली हमसून रडले.

दादाने गाडी ओढून नेली, नवीन भाग मागवला. पुन्हा तीन आठवडे. रोज फोन करायचा, मी उचलत नव्हते. शेवटी निरोप आला, गाडी तयार आहे. आईने हट्टच धरला, लेकाचं गॅरेज कित्येक दिवसांत बघितलं नाही, मीही येते. आणली.

दादाने आईला खुर्ची दिली, कपाळावरून हात फिरवला आणि माझ्यापुढे चावी धरली. तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी चावी घेतली नाही.

"चाक काढ," म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग जॅक लावला, चाक उतरवलं. मी खाली बसले, मोबाइलचा टॉर्च लावला, कॅलिपरवर नख ओढून बघितलं. रंग निघाला नाही. नळीच्या टोकाशी बोट फिरवलं. कोरडं होतं. नवीनच होतं सगळं. तरी मी बघतच राहिले.

"काय बघतेस गं एवढं?" आई खुर्चीतून म्हणाली. "दादाने केलंय ना?"

"बघू दे तिला, आई," दादा म्हणाला, आणि माझ्या उजेडात त्याची सावली येत होती म्हणून बाजूला सरकला.