फोल्डर रिकामं नव्हतं

अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात चार कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळायला एक बाई. लागल्या टायपिस्ट म्हणून. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली त्या पुस्तकं वाचून, धडपडत स्वतःच शिकल्या. नको असलेलं काही साठवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. घरी नवरा त्यांना ‘सफाई खातं’ म्हणायचा आणि पेपर पुरता वाचून होईपर्यंत हातातून खाली ठेवायचा नाही.

त्या सोमवारी अक्षरांचे ब्रेल ठिपके करणारा जुना प्रोग्राम काढून नवा बसवायचा होता. बाईंनी सेटिंगसकट सगळं काढायची कमांड दिली. पडद्यावर शेवटी एक इशारा उमटला: फोल्डर रिकामं नाही, म्हणून काढलेलं नाही.

“उडवा की,” मागून व्यवस्थापक म्हणाले.

“थांबा जरा. प्रोग्रामनं जे आणलं होतं ते तो घेऊन गेला. हे कुणीतरी स्वतःच्या हातानं ठेवलंय.”

आत एकच फाइल होती. कुठला शब्द ठिपक्यांत कसा उमटवायचा, याचे चारशे बारा नियम. मधूनमधून शेरे: ‘या शब्दानं मला तीनदा फसवलं. आता बास.’ बाईंना हसू फुटलं. फाइल त्यांनी नीट बाजूला ठेवली आणि नवा प्रोग्राम बसवला.

दुसऱ्या दिवशी मुद्रितं तपासणारे काका गोष्टींच्या पुस्तकाचं पहिलं पान घेऊन आले. काकांना दिसत नसे. त्यांची बोटं वाचत.

“ही चूक मी नऊ वर्षांपूर्वी गाडली होती. परत कशी उठली?”

“काका, ती शेऱ्यांची फाइल तुमची?”

काका खुर्चीत बसले. “माझीच. जुन्याबरोबर गेली असेल ना ती?”

बाईंनी बाजूला ठेवलेली फाइल उघडून तीनदा फसवणाऱ्या शब्दाचा शेरा मोठ्यानं वाचला. काकांचा चेहरा असा खुलला, की व्यवस्थापकही दारात थबकले.

पुढचे दोन दिवस दोघं शेजारी बसले. काका एकेक नियम समजावत, बाई तो नव्या प्रोग्रामच्या पद्धतीनं लिहीत. वाटेत त्यांना एक चुकार शब्द नव्यानं सापडला.

“शेरा लिहा हं, त्याशिवाय नियम पक्का होत नाही,” काकांनी बजावलं. बाईंनी लिहिलं: ‘हा आम्ही दोघांनी मिळून पकडला.’

शुक्रवारी ताजं पान निघालं. काकांची बोटं ओळींवरून सरसर गेली, मध्येच थांबली आणि ते खदखदून हसले.

“काय राहिलं?” बाईंनी धसकून विचारलं.

“काही नाही हो. गोष्टच मजेदार आहे.”