शाळेच्या जमिनीचं वाक्य

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — माहीत नाही. सांगतोय, एवढं खरं.

इंटरनेटवर तो ज्ञानकोश असतो ना — कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं — तिथं मी हौसेनं राबतो. बारामतीत माझं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की बिनपुराव्याची वाक्यं हुडकायची, पुढं ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावायची. पुरावा नाही आला, तर वाक्य उडवायचं. लई कडक माणूस म्हणून तिथं माझा दरारा आहे. हसू नका.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या अलीकडं. गावाचं पान मीच लिहिलं. त्यात एक वाक्य घातलं — शाळेला जमीन माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी दिली.

दिली होती का? छे! जमीन दिली सोनाकाकूनं. विधवा बाई, तोंडी शब्दावर देऊन मोकळी झाली. आबांनी कचेरीत खेटे घातले, तेवढंच. मला हे लहानपणापासून ठाऊक. तरी लिहिलं. का? — बरं वाटलं म्हणून.

मग कुणीतरी माझ्याच वाक्याला ‘संदर्भ हवा’ लावलं. आता आणू कुठून? तेवढ्यात शाळेची स्मरणिका निघाली. गुरुजींनी गावाचा इतिहास माझ्या पानावरूनच उतरवलेला. मी तीच स्मरणिका पुरावा म्हणून जोडली. खूण गेली. लाज वाटायला हवी होती, नाही का? काहीच वाटलं नाही. जेवलो, झोपलो.

पुढं सोनाकाकूची लेक, मंगलअक्का, दुकानात आली. मार्केटला भेंडी घालून थेट माझ्याकडं.

“नातीनं मोबाईलवर तुजं पान दावलं. माज्या आईचं नाव तितं घाल की रं. तुला तर म्हाईत हाय.”

“अक्का, छापील पुरावा लागतो.”

“आईचं कोण छापतंय, बाबा?”

नियम आहे, म्हणालो. चहा पाजला. नंतर तिच्या नातीनं स्वतःच सोनाकाकूचं नाव त्या पानावर लिहिलं. मी ते बिनपुराव्याचं म्हणून उडवलं. वर तिला नियमांची लिंकही पाठवली — हे सांगताना आत्ताही आत काही हलत नाही, बघा.

यंदा शाळेला कमान झाली. आबांच्या नावाची. नारळ फुटला, पेढे वाटले. मंगलअक्का कमानीखाली उभी होती, बराच वेळ वर बघत. मी जवळ गेलो, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. वाटलं, आता चार लोकांत माझी लाज काढणार. काढायला हवी होती.

ती हळूच म्हणाली, “माजंच ध्यान चुकत आसंल रं. आईनं दिली, आसं उगंच धरून बसले मी. एवढं छापलंय म्हंजी तुज्या आबांनीच दिली आसंल — व्हय ना?”

“होय, अक्का,” म्हणालो.