चोपड्याच्या आकाशात ऐकलेला शब्द

भुताच्या गोष्टी मी आजवर पुष्कळ सांगितल्या, पण त्या सगळ्या मीच रचलेल्या. त्यामुळे असल्या प्रकारांवर माझा विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. ही मात्र रचलेली नाही... रचली असती, तर याहून बरी रचली असती.

गोवा घटक राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी मूळचा पेडण्यातल्या कोरगावचा, तेव्हा पुण्याच्या एका फ्लाइंग क्लबात पायलट. क्लबकडे एक म्हातारं विमान होतं – पंखांवर ताणून शिवलेलं कापड, एकामागे एक दोन उघड्या सीटा, रेडिओ नाही. बोलायला एक रबरी नळी, दोघांच्या चामडी टोप्यांना जोडलेली. ते घेऊन आम्ही लांबच्या सफरीला निघालो होतो – पुणे, बेळगाव, गोव्याचा दाबोळी विमानतळ, मग किनाऱ्याने रत्नागिरी आणि मुंबई. मागच्या सीटवर मी, पुढच्या सीटवर मेकॅनिक मारुतराव, गडहिंग्लजचे.

बाबांनी मला कधी उडताना पाहिलं नव्हतं. मोतीबिंदू वाढत चालला होता. "दिसता तंवसर यो," दिसतंय तोवर ये, असा त्यांचा निरोप होता. मी उलट कळवलं, अमक्या दिवशी सकाळी दहाला घरावरून जातो, सड्यावर, त्या कातळाच्या मोकळ्या माळावर, उभे राहा.

दाबोळीहून उठलो. आकाश स्वच्छ. मी नळीतून मारुतरावांना गोवा दाखवत होतो – हे मुरगाव बंदर, ती खनिजाची जहाजं, ही मांडवी. ते मान डोलवत होते. मी खूश. पेडण्यातलं चोपडे आलं, खाली नदीत होड्या. कोरगाव पाच मिनिटांवर.

आणि कानात शब्द आला. शांत, स्पष्ट. "फाटी."

आमच्या कोकणीत फाटी म्हणजे मागे. वाटलं, मारुतराव मागे फिरायला सांगताहेत. पण बाबा सड्यावर उभे होते... मी तसाच पुढे गेलो. पुन्हा, "फाटी." तेवढ्यात मारुतराव वळले आणि हाताने 'फिरवा, फिरवा' करू लागले. चेहरा पांढराफटक. मी विमान वळवलं.

दाबोळीला उतरल्यावर विचारलं, "मारुतराव, कोकणी कधी शिकलात?"

"कसली कोकणी? तुमीच म्हणालासा न्हवं, फाटी म्हणून? म्या म्हटलं, कापड फाटलं."

"मी कधी म्हणालो?"

"मग काय म्या?"

बोलता बोलता ते पंखाखाली वाकले आणि तिथंच बसले. डाव्या पंखाची खालची शिवण वीतभर उसवली होती. आमच्यापैकी कुणालाही सीटवरून दिसणार नाही अशा जागी.

"आनखी धा मिनिटं, सायेब," ते म्हणाले, "आन् सोलूनच निघालं असतं समदं."

"ती नळी बघू."

"नळी कुठाय? मधला तुकडा भेगाळला व्हता, सकाळीच काढला; तुमच्याकडचं टोक तेवढं ऱ्हायलंय. सांगायचं ऱ्हायलं बगा."

म्हणजे वीस मिनिटं मी गोवा दाखवला तो कुणाला? "मग मान कशाला डोलवत होतात?"

"इंजिन ऐकत व्हतो."

त्या दिवसांत कोकणी की मराठी यावरून गोव्यात घरोघरी वाद चालत. आमचाही सुरू झाला. त्यांच्या मते तो आवाज चोख मराठी बोलला, माझ्या मते कोकणी. तो माझा नव्हता आणि त्यांचा नव्हता, यावर मात्र आमचं एकमत.

त्याच संध्याकाळी बसने कोरगावला गेलो. बाबा ओसरीवर होते. वाड्यावरचे सगळे शेजारी सड्यावर जमले होते म्हणे.

"म्हाका दिसलोच ना," ते म्हणाले. त्यांना मी दिसलोच नव्हतो. "लोक म्हणपाक लागले, ठिपको परतलो."

मला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी विचारलं, "बाबा, त्या वेळी तुम्ही फाटी म्हणून हाक मारलीत का?"

"हांव कित्याक म्हणन? हांव यो, यो म्हणत आसलों."

क्लबने ते विमान पुन्हा उडवलं नाही, आणि बाबांनी मला उडताना कधीच पाहिलं नाही. ज्यांच्यासाठी निघालो होतो ते खाली उभे राहून 'ये' म्हणत होते. वर 'फिर' कोण म्हणालं, ते मला आजही सांगता येत नाही.