मुहूर्तावर सील केलेलं टेम्प्लेट

"तुमच्यात दसरा नसतो ना?" साहेबांनी मला विचारलं. सुट्टीचा अर्ज त्यांच्यासमोर उघडा होता.

"असतो की. आमचा तर मोठा असतो," मी म्हटलं. "आईला घेऊन विहारात जायचं असतं."

"मग झकास! आधी इथे पूजेला ये, मग तिकडे जा."

साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत असं आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सगळेच म्हणतात. मीपण म्हणायचे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. मी सुट्टी मागे घेतली नाही, एवढंच केलं.

तेव्हा मी एक टेम्प्लेट बनवत होते. हे काय असतं ते आईला समजावताना मी साचा म्हणाले होते, तेच बरं आहे. आमच्या क्लायंटचं कपडे विकायचं ॲप. गर्दी वाढली की त्याला जास्त मशीन लागतात. खऱ्या नाहीत, क्लाउडवरच्या, मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटातल्या. पूर्वी अशी प्रत्येक मशीन आम्ही हाताने उभी करायचो, सगळं सॉफ्टवेअर एकेक करून टाकायचो. आता एकच मशीन नीट सजवायची, सील करायची, आणि तिच्यावरून हव्या तितक्या मशीन आपोआप निघणार. गर्दी ओसरली की आपोआप बंद होणार. कोणी हात लावायचा नाही.

फक्त सील करण्याआधी एक काम करावंच लागतं. प्रत्येक मशीनला स्वतःचा ओळख नंबर असतो. टेम्प्लेटमधला तो नंबर पुसायचा आणि लगेच सील करायचं, म्हणजे निघणारी प्रत्येक मशीन आपला नवा नंबर घेते. नाही पुसला तर सगळ्या एकाच आधार नंबरावर जन्माला येतात. हे अगदी शेवटी करायचं, कारण पुसल्यावर मशीन परत चालू केली की ती पुन्हा नंबर घेऊन बसते. माझं एक टेस्टिंग राहिलं होतं. म्हणून पुसणं राहिलं होतं.

आणि हे काम नीट पार पडणं मला फार गरजेचं होतं. मी तिथे कॉन्ट्रॅक्टवर होते. एचआरच्या बाईंनी तोंडभरून सांगितलं होतं की हा प्रोजेक्ट लाइव्ह झाला की तुला पक्कं करू. पक्क्या लोकांच्या आईवडिलांना ऑफिसचा विमा मिळतो, कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या नाही. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. घाटकोपरला आमची खोली टेकडीवर, रिक्षा खालीच थांबते, पुढे नुसत्या पायऱ्या. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करा. मी आईला म्हणाले होते, टेम्प्लेट होऊ दे, मग तुझे गुडघे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरच्या माझ्या मित्राला सगळं सांगितलं. तो मूळचा मालवणकडचा, पक्का एम्प्लॉयी. आमचं छान जमायचं. त्याच्या डब्यातले तळलेले बोंबील अर्धे माझेच असायचे.

"नंबर पुसलेला नाही रे. परवा येऊन पुसते. तोवर सील करू नका."

"अगं हो, किती वेळा सांगशील? जा तू, आईला घेऊन जा."

दसऱ्याला आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसलो आणि आई माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरली. दर थोड्या पायऱ्यांनी थांबायची आणि माझ्याकडे बघून हसायची, म्हणजे मी काळजी करू नये. विहारात वंदना झाली, खीर वाटत होते, आणि फोन वाजला. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला होता. लॅपटॉपला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू, साहेब हात जोडून, आणि मागे स्क्रीनवर हिरवी खूण. सील झालं होतं.

माझ्या हातातली खीर तशीच राहिली. मी मित्राला फोन लावला.

"अरे, सील का केलंत? नंबर पुसलास?"

"साहेब म्हणाले मुहूर्त निघून जाईल. नवं काम दसऱ्यालाच सुरू करायचं म्हणाले. त्यांनीच क्लिक केलं गं."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. आरती चालू होती ना."

मी साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, यावरून मशीन काढू नका, मी उद्या सकाळी नीट करून देते. ते म्हणाले, "अगं, आज शुभ दिवशी नाट लावू नकोस. क्लायंटचा दसरा सेल आहे, आजच लाइव्ह जातोय."

जुन्या, हाताने उभ्या केलेल्या मशीन त्यांनी दुपारीच बंद करून टाकल्या. गर्दी वाढली, टेम्प्लेटवरून भराभर नवीन निघाल्या, सगळ्या एकाच नंबराच्या. कोणाला काही कळलं नाही, ॲप चालत होतं. मग गर्दी जरा कमी झाली आणि सिस्टिमने एक मशीन बंद करायचा हुकूम सोडला. त्या नंबराच्या सगळ्याच बंद झाल्या. ऐन सेलमध्ये ॲप मेलं. वाट लागली सगळी.

मग मात्र सगळ्यांना माझी आठवण आली. मी विहारातून घरी येऊन, पांढऱ्या साडीतच, जमिनीवर लॅपटॉप मांडून टेम्प्लेट परत बनवलं. नंबर पुसला, सील केलं, मशीन उभ्या केल्या. संध्याकाळच्या आत ॲप चालू झालं. ग्रुपवर माझ्यासाठी कोणी अंगठ्याचा इमोजीसुद्धा टाकला नाही.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. साहेब, एचआरच्या बाई, मित्र आणि मी.

"टेम्प्लेटची जबाबदारी कोणाकडे होती?" बाईंनी विचारलं.

"हिच्याकडे," साहेब म्हणाले. "पण ही रजेवर होती."

मी म्हटलं, "मी आदल्या दिवशी बजावलं होतं. आणि त्या दिवशी तुम्हाला फोनही केला होता, सर."

साहेब जराही चिडले नाहीत. समजूत घातल्यासारखे म्हणाले, "फोन केलास गं, पण आली नाहीस ना? पूजेला सगळी टीम होती. पक्क्या माणसाकडून एवढी अपेक्षा असते."

मी मित्राकडे पाहिलं. एक वाक्य त्याने बोलायचं होतं. हिने मला सांगितलं होतं, बस. त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता आणि तो कपातच बघत राहिला. मला त्या कपासकट त्याला खिडकीबाहेर फेकून द्यावंसं वाटलं. लिफ्टपाशी म्हणाला, "सॉरी यार. माझंपण अप्रेझल आहे." त्याच्या डब्याला मी पुन्हा हात लावला नाही. बाईंनी मेल पाठवला, पक्कं करण्याचा विचार पुढच्या वर्षी, कॉन्ट्रॅक्ट वाढवत आहोत, अभिनंदन. अभिनंदन!

घरी आईला मी थोडक्यात सांगितलं. ती गुडघ्यांना तेल चोळत होती. चोळणं थांबवलं नाही.

"पुढच्या दसऱ्याला तू ऑफिसात जा," ती म्हणाली. "मी जाईन विहारात, हळूहळू."

माझा पाराच चढला. "कुठे हळूहळू? पायऱ्या कोण उतरवणार तुला? काही गरज नाही. मी नाही जाणार त्यांच्या पूजेला."

आईने तेलाच्या बाटलीला झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मग तुझं पक्कं कसं होणार गं?"